बाळसं

पौडला बँकेत पासबुक भरून घ्यायच्या रांगेत उभी होते. मागून आवाज आला, "बाई, ओळखलंच नाही तुम्हाला! कसली तब्येत झालीय!" वळून बघितलं तर माझाच एक जुना विद्यार्थी. आता दोन लेकरांचा बाप, हातात हेल्मेट, पण हसताना पुढचे दोन दात अजून तिसरीतल्यासारखेच. "गाल वर आलेत बघा. शाळेत असताना नुसत्या काडी होता. रिटायर झाल्याचं अंगी लागलं." त्याच्या तोंडावरचा आनंद इतका निर्मळ होता की तो पुसून टाकायचं धैर्य मला झालं नाही. उभ्या नोकरीत एकाही पोराचं चुकलेलं शुद्धलेखन मी सोडलं नाही; हे मात्र तसंच राहू दिलं.

खरं एवढंच होतं की ते गाल माझे नव्हते. रोज सकाळी न्याहारीनंतर घ्यायच्या एका चिमुकल्या पांढऱ्या गोळीचे होते. सुजेला बाळसं समजू नये, ही म्हण मी तीस वर्षं मुलांना 'वाक्यात उपयोग करा' म्हणून देत आले. एका पोरानं लिहिलं होतं, 'आजोबांच्या पायाला सूज आली, तिला आम्ही बाळसं समजलो नाही.' मी लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'वाच्यार्थ घेऊ नये.' आता त्या पोराला शोधून ती रेघ खोडायला हवी. त्रेसष्टाव्या वर्षी ती म्हण वाच्यार्थासकट माझ्या तोंडावर उगवली.

दुखण्याचं नाव पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. नाव युरोपातल्या एखाद्या राजकन्येचं शोभावं, वागणं मात्र सावकाराचं. उजाडायच्या आत येऊन दारात बसायचं आणि घटकाभर तरी हलायचं नाही. खांदे आणि कंबर, दोन्ही ठिकाणी कुणी रात्रीतून सिमेंट ओतून गेल्यासारखं. पन्नाशीनंतर येतं, बायकांकडे जरा जास्त येतं. मी वेणीफणीला हात वर करायची आणि हात कानापाशी येऊन थांबायचे, जणू उत्तर येत नसलेल्या मुलानं अर्धवट बोट वर केलंय. फळीवरचा पोह्यांचा डबा मला बघत असायचा, मी त्याला. शेवटी सून सुट्टीच्या दिवशी बाणेरहून आली, तिनं सगळे डबे खालच्या कप्प्यात लावले आणि मला कोथरूडात संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, अंगातला दाह दाखवणारा ईएसआर भलताच चढलेला निघाला आणि प्रेडनिसोलोन सुरू झालं, 15 मिलिग्रॅम. "हे स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दंडाच्या बेडकुळ्या दाखवणारे पिरंगुटच्या जिममधले तरुण आले. "ते वेगळं," त्या म्हणाल्या. चेहरा वाचायची सवय असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंबाडा घालून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी अंबाडा घातलाय.

त्या क्षणाचं वर्णन करणं अवघड आहे. हात वर गेले होते, मागे गेले होते, पिना खोचून परत आले होते आणि या साऱ्या प्रवासात त्यांनी मला काही कळवलंही नव्हतं. मी पुन्हा सोडला आणि पुन्हा घातला. चार वेळा. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये 21 सप्टेंबर 1948 रोजी फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवातानं खाटेला खिळलेल्या एका 29 वर्षांच्या बाईला या जातीचं औषध पहिल्यांदा टोचलं. तेव्हा त्याला धड नावही नव्हतं, 'संयुग ई' म्हणायचे. आठवड्याभरात ती बाई उठली आणि कुठं गेली असेल? बाजारात. तीन तास दुकानं हिंडून आली. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतकी समजण्यासारखी घटना दुसरी नसेल. हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना 1950 साली नोबेल मिळालं. पण नोबेलचे पेढे शिळे व्हायच्या आतच डॉक्टरांना आपल्या रुग्णांचे चेहरे गोल होताना दिसायला लागले होते.

माझाही झाला. पहिल्या महिन्यात हनुवटी दिसेनाशी झाली; दुसऱ्या महिन्यात मानेमागे, पदर घेतो तिथं, एक छोटी उशी आली. डॉक्टरी भाषेत या चेहऱ्याला चंद्रमुख म्हणतात. आमच्या संस्कृत कवींना ही उपमा ज्या अर्थानं सुचली, त्या अर्थानं ती माझ्या वाट्याला वयाच्या वीस-बाविसाव्या वर्षीसुद्धा आली नव्हती. आणि गावभर कौतुक! हळदीकुंकवाला शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता कशा भरल्या घरच्या दिसता." दूधवाला म्हणाला, "म्हशीचंच घेत जावा, गुण येतोय." आपल्याकडे बाई वाळली की चार जणी विचारतात, काय झालं गं. फुगली की कुणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं: सुखात आहे.

भूक मात्र सुखाची नव्हती. लहानपणी लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बायकांची भूक मी पाहिलीय. चुलीपुढं बसल्या की बोलायच्या नाहीत. तशी भूक मला दुपारी चार वाजता, खुर्चीत बसल्या बसल्या लागायची. शेंगदाण्याच्या बरणीचं झाकण आणि माझा हात यांचा एक गुप्त करार झाला होता. साखरेचं मशीन घरात आलं. सकाळी उपाशीपोटी ते माझं कौतुक करायचं, 96, 98, शाबास. मी आठवडाभर त्या शाबासकीवर खूश राहिले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपारी चारला बघा." सकाळी घेतलेल्या या गोळीनं चढणारी साखर दुपारी-संध्याकाळी वर येते, पहाटेपर्यंत खाली बसते. दुपारी बघितलं तर 240. परीक्षेला हजर आणि वर्गात गैरहजर अशी पोरं मी पुष्कळ पाहिलीत. माझं रक्त त्यांच्यातलंच निघालं.

आणि झोप. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. पावसाळा होता, ताम्हिणीच्या बाजूनं आलेला पाऊस कौलांवर तासन्‌तास एकच पाढा म्हणत होता, बाहेर बेडूक त्याला चुकीचं उत्तर देत होते. मी उठून फडताळं आवरायची, पितळी भांडी घासायची. 1994 सालच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका सापडल्या त्या वर्षवार लावायची. मुलाचा फोन आला, "आई, तू पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी 'शुभ सकाळ' पाठवलंस, खाली कमळ आहे. बरी आहेस ना?" मी बरी होते. जरा जास्तच बरी होते. मधेच, हवामानाच्या बातम्या ऐकताना, 'तळकोकणात तुरळक सरी' या शब्दांनी मला रडू फुटलं. गोळी मनालाही गुदगुल्या करते आणि चिमटेही काढते, हे मला सांगितलेलं होतं. फक्त ते तळकोकणातून सुरू होईल असं वाटलं नव्हतं.

त्या जागरणांत मी या गोळीची कुळकथा वाचली. सुरुवातीला हे औषध गुरांच्या पित्तातून, तीसहून अधिक पायऱ्या चढत, गुंजागुंजानं निघायचं. मग मेक्सिकोतल्या एका रानकंदात कच्चा माल सापडला. तो कंद आपल्या करांद्याचा, कोनफळाचा भाऊबंद. ज्या करांद्याला आम्ही राखेच्या पाण्यात उकडून त्याचा कडूपणा घालवतो, त्याच्या चुलत्याकडून माझी गोळी आली म्हटल्यावर ती जरा घरातली वाटू लागली. पण कंदापासून निघालेल्या रेणूत नेमक्या एका जागी ऑक्सिजन बसवायचा होता आणि ते काम रसायनशास्त्रज्ञांना सोप्या वाटेनं जमता जमेना. 1952 साली अपजॉन कंपनीतल्या दोघांनी ते एका बुरशीकडून करून घेतलं. ती ऱ्हायझोपस, म्हणजे शिळ्या पावावर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीच्या घराण्यातली. इथवर वाचून मी दिवा मोठा केला. कारण 2021 च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या दवाखान्यांत जिनं माणसांचे डोळे, जबडे नेले, ती म्युकरची बुरशीही बहुतेक वेळा हीच ऱ्हायझोपस. 2020 च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीनं दाखवून दिलं होतं की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात. मग ज्याला ऑक्सिजन लागत नव्हता त्यालाही ते मिळू लागलं, हवं त्याहून जास्त मिळू लागलं. साखर चढली, प्रतिकारशक्ती झोपली आणि बुरशी आली. जिनं एकेकाळी हे औषध घडवायला हात लावला, तीच त्याच्या मागून वसुलीला आली. अशी गोष्ट कुणी कथेत लिहिली असती तर 'ओढूनताणून आणलेली' म्हणून मी शेरा मारला असता.

परिणाम कुठला आणि दुष्परिणाम कुठला, हे बघणारा कुठं उभा आहे त्यावर असतं, हे मुळशीकराला कुणी शिकवायला नको. मुळा नदीचं पाणी मुकाट पूर्वेला, पुण्याकडे जायचं. टाटांनी धरण बांधून ते पश्चिमेला वळवलं. आता ते सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिरा इथं उतरतं आणि वीज करतं. मुंबईच्या गिरण्यांत आणि दिवाणखान्यांत दिवे लागले, तो परिणाम. आमच्या बाजूची भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली, तो दुष्परिणाम. सेनापती बापटांच्या पाठीशी उभं राहून 1921 साली इथल्या माणसांनी सत्याग्रह केला, तो या औषधाच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदासारखा. छापलेला असतो, वाचत कुणी नाही.

त्या कागदावर हाडांचंही होतं. पहिल्या काही महिन्यांतच ही गोळी हाडं सर्वांत जास्त पोखरते, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एक हाडांची गोळी. ही तिसरी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, चहा नाही, काही नाही. नाहीतर ती अन्ननलिकेला भाजते. दर रविवारी सकाळी मी भिंतीला पाठ लावून घड्याळाकडे बघत बसते. किती मुलांना मी असं बसवलं असेल. कातडी कागदासारखी झालीय, बांगडी आपटली तरी जांभूळ ठेचल्यासारखा डाग. डोळ्यांत मोतीबिंदू, काचबिंदू डोकावतोय का ते बघायला वर्षातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर. हे झालं.

पण खरी गोष्ट डॉक्टरीणबाईंनी दाराशी, मी चपला घालताना सांगितली. "काही झालं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही."

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. मराठी परिभाषेत अधिवृक्क. चार-पाच ग्रॅमची एकेक. आपल्याला जाग यायच्या आधी, उत्तररात्रीच, त्या कामाला लागतात आणि सकाळपर्यंत अंगात उठण्याइतकं बळ भरून ठेवतात. घरात सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या बाईसारख्या. बाहेरून रोज गोळी येऊ लागली की या बायका हळूहळू उठेनाशा होतात. आमच्या वाडीत नळ आला तेव्हा हेच झालं. दारात पाणी, मग विहिरीवर कोण जाणार? कठड्यावर पिंपळ उगवला, तळाशी गाळ बसला, झरे बुजले. एका उन्हाळ्यात नळ आठ दिवस बंद पडला तेव्हा सगळे हंडे घेऊन विहिरीवर धावले आणि विहिरीनं त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. गाळ काढून झरे मोकळे व्हायला दोन महिने लागले. नळ अचानक तोडायचा नाही. धार बारीक करत न्यायची, म्हणजे विहिरीला आठवण होते. "चक्कर, उलट्या, अंगातलं त्राण जाणं, रक्तदाब पडणं," त्या बोटांवर मोजत होत्या. "गोळी एकदम थांबली तर जिवावर बेतू शकतं."

चांदणी चौकापर्यंत मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं. मला माझी थोरली आत्या दिसत होती.

आत्या विधवा होऊन माहेरी आलेली, आमच्यातच राहायची. जन्म लावणीत वाकून गेलेला. गुडघे धरले तेव्हा ओसरीवर बसून सुपारी कातरणं एवढंच उरलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एक पुडीवाला सायकलवरून यायचा. जडीबुटीची लालसर पूड, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, सकाळी मधातून घ्यायची. आत्यानं घेतली आणि चौथ्या दिवशी ती खाचरात उतरली. सगळी वाडी बघायला आली. डोक्यावर इरलं घेऊन ती आवणाच्या मुठी लावत होती आणि मधूनच पाठ सरळ करून आमच्याकडे बघून हसत होती. महिन्या-दोन महिन्यांत तिचा चेहरा भरला, गाल लाल झाले. "आत्याला बाळसं आलं," सगळे म्हणायचे. आत्याला मुलंबाळं नव्हती. हा शब्द तिच्या अंगणात पहिल्यांदाच आला होता. ती लाजायची. तिनं माझ्याकडून हातातला आरसा मागून घेतला आणि परत दिला नाही. हातपाय काटकुळेच राहिले होते, पोटावर जांभळे वळ उठले होते, विळ्याची जखम महिनाभर भरली नव्हती. पण गोल चेहऱ्याच्या माणसाच्या हातापायांकडे कोण बघतं?

मग एका श्रावणात रस्त्यावर दरड आली. पुडीवाला तीन आठवडे फिरकला नाही. आत्या आधी नुसती बसून राहू लागली, मग आडवी झाली. उठवून बसवलं की डोळ्यांपुढं अंधारी, पेज दिली की उलटी. "गुडघं न्हाईत दुखत गं," मला म्हणाली, "आतलंच काईतरी इझल्यासारखं झालंय." गोकुळाष्टमीच्या आदल्या रात्री गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. एकसष्ट वर्षांची होती.

त्या पुडीची कुणी तपासणी केली नाही. पण तसा चेहरा मी आता रोज आरशात बघते, आणि त्यातलं तिचं हसू ओळखते.

तिच्या वस्तूंपैकी माझ्याकडे तिचा पितळी अडकित्ता आहे, दोन्ही मुठींवर मोर असलेला. गोळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. पंधरावरून साडेबारा, दहा, मग महिन्याला थोडं थोडं करत मी पाचवर आले. पाच म्हणजे शरीर स्वतः रोज जेवढं बनवतं, साधारण तेवढंच. याच्या खाली उतरायचं म्हणजे आतल्या बायकांना खरंच हाक मारायची. त्यासाठी गोळी अर्धी करावी लागते. सुरीखाली ती चुरते, दातांखाली कडू लागते. आत्याच्या अडकित्त्यात मात्र बरोब्बर मधून कटते. कधीकधी एक अर्धूक टणकन उडून फडताळाखाली जातं आणि मी ओणवी होऊन, हात लांबवून, ते शोधते. खांद्यातून कळ येत नाही. गाल उतरायला लागलेत. परवा तोच विद्यार्थी भेटला आणि काळजीनं म्हणाला, "बाई, वाळलात. काय होतंय का?" "बरी होतेय," मी म्हटलं. त्याला पटलं नाही.

तुमच्या घरात कुणाचे गुडघे एखाद्या पुडीनं चार दिवसांत सुटे झाले असतील आणि महिनाभरात चेहरा गोल व्हायला लागला असेल, तर कौतुक जरा लांबणीवर टाका. ती पुडी हातात घेऊन, माणसासकट, डॉक्टरांकडे जा. रागाच्या भरात पुडी चुलीत मात्र टाकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. किती आणि कशी कमी करायची, ते त्यांना ठरवू द्या.